काळी काच

मुखवट्यांविषयी मत देण्याचा अधिकार नाटकमंडळींचा; मराठीच्या प्राध्यापकाचा खचित नव्हे. पण माझ्या पुतण्याने आयटीआयमधून वेल्डिंग शिकून ग्रिले आणि लोखंडी फाटके बनवण्याचे दुकान थाटले, आणि भांडवलात माझाही चार पैशांचा वाटा असल्यामुळे खरेदीच्या वेळी मला विचारणे त्याला भाग पडले. "काका, हेल्मेट साधं घेऊ की ऑटोचं?"

साध्याची गोष्ट साधीच आहे. तोंडापुढे ढाल आणि तिच्यात एक काळी काच, बहुधा १० किंवा ११ नंबरची. ठिणगी पडेपर्यंत तिच्यातून नुसती अमावास्या दिसते. म्हणून वेल्डर रॉड जागेवर धरतो, मान झटकून हेल्मेट तोंडावर पाडतो आणि अंदाजाने रॉड घासतो. त्या झटक्यात हात बोटभर सरकतो नि टाका भलतीकडे पडतो. टाका पाहायचा तर हेल्मेट पुन्हा वर! एका फाटकाचे असे नमस्कार मी मोजायला बसलो आणि चाळिसानंतर नाद सोडला.

नव्याची काच एरवी ३ किंवा ४ नंबरची, म्हणजे गडद गॉगलसारखी; हात, रॉड, सांधा सारे दिसते. झोत पेटताच डिजिटल घड्याळात आकडे उमटवणारे द्रवस्फटिकच इथे काचेवर काळोख पसरतात, ९ ते १३ पैकी आपण लावू त्या नंबराचा. चांगल्या काचेला याला सेकंदाचा २५,००० वा भाग पुरतो. आपल्या पूर्वजांनी निमिष हे माप पापणीवरून घेतले. या काचेपुढे पापणी म्हणजे बैलगाडीच. स्वीडनमधल्या हॉर्नेल कंपनीने १९८१ साली अशी काच बाजारात आणली.

"पण भावजी, बॅटरी संपली तर पोराच्या डोळ्यांचं काय?" वहिनींनी विचारले. प्रश्न रास्त होता. मात्र अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा थर या काचेत कायमचा असतो. काच काळी झाली नाही तर डोळे दिपतील, भाजणार नाहीत. अर्थात मानकाचा शिक्का नसलेल्या स्वस्त मालावर हा भरवसा धरू नये. शिवाय अडचणीच्या जागी एखादा पाइप मध्ये आला, तर काचेच्या प्रकाश टिपणाऱ्या डोळ्याला झोत दिसतच नाही. साध्या काचेला असले रुसवेफुगवे नाहीत, आणि किंमतही कितीतरी कमी.

तरीही मी ऑटोच्या बाजूने गेलो, आणि ते वेगासाठी नव्हे. हा मुलगा शिकाऊ असताना एकदा "एकच तर टाका" म्हणून हेल्मेट न पाडता नुसते डोळे मिटून झोत पेटवत राहिला. दिवसभर काहीच जाणवले नाही. मध्यरात्री मात्र डोळ्यांत मूठभर वाळू गेल्यासारखा तो तळमळू लागला. वहिनी उजाडेपर्यंत उशाशी बसून होत्या. हेल्मेट वर-खाली करण्याचा कंटाळा हाच त्याचा खरा शत्रू. जे वर करावेच लागत नाही, ते खाली पाडायचे राहून कसे जाणार?

पैसे मी दिले. साधेही एक घ्यायला लावले, फाटक धरून उभा राहणाऱ्या मदतनिसासाठी. इतके दिवस तो झोत पेटला की नुसती मान फिरवीत असे. त्याला टाका मारायचा नाही, अमावास्या चालते.