झाला काय गं कायदा?

बेळगावच्या माणसाला अधिवेशन म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. डिसेंबरात सुवर्ण सौधमध्ये अधिवेशन भरलं की हायवेला पोलीस उभे राहतात, लॉज भरतात, मोर्चे निघतात आणि आपली बस अर्धा तास उशिरा येते. आत काय चाललंय ते दुसऱ्या दिवशी पेपरात येईल तेवढंच कळतं. माझंही ज्ञान तेवढंच होतं. विधेयक आत कसं शिरतं, कुठं अडतं, कुणाच्या हातून मरतं, हे मी शिकले ते अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या विधिमंडळाकडून. तेही पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला असताना, अभ्यासाच्या वेळात.

त्याला कारण माझी अक्का. दाजींच्या नोकरीमुळं ती व्हर्जिनियात राहते. 2019 च्या दिवाळीत फोनवर ती सहज बोलून गेली की भाचीच्या शाळेत ‘लॉकडाउन ड्रिल’ झालं. हा शब्द तोवर आम्ही कुणी ऐकला नव्हता. बाईंनी दिवे घालवले, दार आतून लावलं आणि पाच वर्षांची पोरं कोपऱ्यात एकमेकांना चिकटून गप्प बसली. बंदूक घेऊन कोण शाळेत शिरला तर काय करायचं याची ही तालीम. भाचीला तो खेळ वाटला होता. “जो बोलेल तो आउट,” असं ती आईला सांगत होती. आई हसली नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ ती देवघरापुढं नुसती बसून होती.

आईला 2007 आठवत होतं. त्या वर्षी 16 एप्रिलला व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्यानं 32 जणांना मारलं. त्यात मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगी होती आणि मूळचे तमिळनाडूचे एक प्राध्यापक. ती बातमी आईनं टीव्हीवर पाहिली होती. आता तिची पोरगी त्याच राज्यात होती, आणि 31 मे 2019 ला व्हर्जिनिया बीचला सरकारी इमारतीत पुन्हा 12 माणसं मारली गेली होती. “तिथं यावर कायदा करायलेत म्हणतात. बघ की जरा,” आई मला म्हणाली. तेव्हापासून रोज रात्री जेवताना एकच प्रश्न: “झाला काय गं कायदा?”

अक्काला तिथं मत नाही. मला तर नाहीच नाही. म्हणजे आम्ही फक्त बघणारे. पण बघायचं तर नीट बघावं, म्हणून मी एक दोनशे पानी वही केली आणि त्यात रकाने पाडले: विधेयकाचा क्रमांक, कुठल्या समितीत, बाजूने किती, विरोधात किती.

तिथली रचना थोडक्यात सांगते. हाउस ऑफ डेलिगेट्समध्ये 100 सदस्य, सिनेटमध्ये 40. अधिवेशन जानेवारीत सुरू होतं आणि सम वर्षी 60 दिवस चालतं. मधे एक तारीख ठरलेली असते. त्या तारखेपर्यंत प्रत्येक सभागृहानं आपापली विधेयकं निकालात काढायची; जी तरली ती पलीकडच्या सभागृहात जातात. आपल्याकडं शस्त्रांचा विषय राज्यघटनेनं केंद्राच्या यादीत ठेवलाय. तिथं मात्र राज्याला बरंच काही करता येतं, त्यामुळं एका राज्यात जे चालतं ते शेजारच्या राज्यात चालेलच असं नाही.

व्हर्जिनिया बीचच्या घटनेनंतर गव्हर्नर राल्फ नॉर्दम यांनी 9 जुलै 2019 ला खास अधिवेशन बोलावलं होतं. बहुमत रिपब्लिकन पक्षाचं होतं. दीड तासात त्यांनी कामकाज नोव्हेंबरपर्यंत तहकूब केलं. मग नोव्हेंबरच्या निवडणुकीत दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटिक पक्षाकडं गेली. 8 जानेवारी 2020 ला नवं अधिवेशन सुरू झालं तेव्हा मला वाटलं, आता महिन्याभरात आईला उत्तर देता येईल.

पण आधी भाषाच शिकावी लागली. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक विधेयकापुढं एक ओळ असते. तिथं ‘पास्ड बाय इंडेफिनिटली’ असं दिसलं की नवख्याला वाटेल, पास झालं. अर्थ नेमका उलटा. ते विधेयक मेलं. त्या राज्यात बंदुकीवरची कितीतरी विधेयकं आधीच्या वर्षांत अशीच गेली होती: सभागृहात नव्हे, पाच-सहा जणांच्या उपसमितीत, फारसा आवाज न होता. पेपरात नाव येतं ते सभागृहात भाषण करणाऱ्याचं. विधेयकाचं जगणं-मरणं मात्र समितीच्या खोलीत ठरतं.

20 जानेवारीला राजधानी रिचमंडमध्ये बंदूकवाल्यांचा मोठा मोर्चा झाला. सुमारे 22 हजार माणसं. गव्हर्नरांनी आणीबाणी जाहीर करून विधिमंडळाच्या आवारात शस्त्रबंदी केली होती, त्यामुळं आवाराबाहेरच्या रस्त्यांवर लोक लांब नळ्यांच्या रायफली खांद्याला लावून उभे होते. शेवटी मोर्चा शांततेत पार पडला. त्याचे फोटो मी बघत होते, तेव्हा खानापूरहून आलेले आज्जा शेजारी बसले होते.

“काय बघायलीस गं एवढं?” त्यांनी विचारलं. मी मोबाईल पुढं केला. चष्मा वर-खाली करून त्यांनी नीट बघितलं आणि म्हणाले, “एवढ्या बंदुका घिऊन कुठल्या डुकराला माराय जमल्यात रे हे?”

आज्जांकडं स्वतःची बंदूक आहे. ठासणीची, पीक राखण्यासाठी लायसन्स काढलेली. खानापूरच्या रानात डुकरं आणि गवे एका रात्रीत भात आडवं करतात. निवडणूक आली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती ट्रंकेत ठेवायची, निकालानंतर जाऊन परत आणायची. यात आपला हक्क जातो असं त्यांना कधी वाटलं नाही. म्हणून मला वाटलं, ते त्या लोकांना नावं ठेवतील. पण थोड्या वेळानं म्हणाले, “तसं नव्हं. उद्या माझी बंदूक कायमची न्हेतो म्हणून कोण आला, तर मी बी जाईन की मोर्चाला.”

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. पुढच्या महिन्यात ते कामाला आलं.

विधेयक क्रमांक 961 सगळ्यात गाजलेलं. लष्करी धाटणीच्या बंदुकांची विक्री बंद आणि 12 पेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर बंदी. 11 फेब्रुवारीला हाउसमध्ये ते 51 विरुद्ध 48 मतांनी मंजूर झालं. आईला तसं सांगितलं. 17 तारखेला ते सिनेटच्या न्याय समितीपुढं आलं. वहीत मी लिहिलं: बाजूने 10, विरोधात 5. पण ही दहा मतं ते विधेयक पुढच्या वर्षावर ढकलण्याच्या बाजूची होती. अभ्यासासाठी ते एका आयोगाकडं पाठवलं गेलं. त्या दहांत चार जण विधेयक आणणाऱ्या पक्षाचेच होते. खोलीत जमलेल्या बंदूकवाल्यांनी जल्लोष केला.

मला त्या चौघांचा राग आला. मग एकेकाची माहिती वाचायला घेतली. त्यातले एक क्रे डीड्स, डोंगराळ ग्रामीण भागातले. 2013 साली त्यांच्या मानसिक आजारी मुलानं त्यांच्यावर सुरीनं वार केले आणि नंतर स्वतःवर गोळी झाडून घेतली. मुलगा गेला. डीड्स वाचले आणि त्यानंतर मानसिक आरोग्याच्या कायद्यांसाठी झटले. धोकादायक वाटणाऱ्या व्यक्तीची बंदूक न्यायालयाच्या आदेशानं काही काळ काढून घेता यावी, हे विधेयक सिनेटमध्ये 21 विरुद्ध 19 नं मंजूर झालं. त्यांच्या पक्षाचे सिनेटर होतेच मुळी 21, म्हणजे त्यांचं मत त्यात होतं. पण सरसकट बंदीचं विधेयक त्यांनी पुढं ढकललं. ज्या घरानं बंदुकीपायी पोरगा गमावला, त्या घरातला माणूस. मी त्यांच्याशी सहमत झाले नाही, आजही नाही. पण त्यांच्या मतदारसंघात आज्जांसारखी माणसं असणार, हे मात्र माझ्या लक्षात आलं.

शब्दांची ओढाताणही तिथंच पाहिली. विधेयक क्रमांक 2 होतं खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासण्याचं. हाउसनं ‘हस्तांतरण’ म्हटलं होतं, सिनेटनं ‘विक्री’ केलं. शेवटी विक्रीच राहिली. एका शब्दानं किती बंदुका तपासणीच्या बाहेर राहतात याचा विचार करा. आणि महिन्याला एकच पिस्तूल घेण्याची मर्यादा तर नवीनही नव्हती. 1993 साली तोच कायदा झाला होता, 2012 मध्ये रद्द झाला, 2020 मध्ये परत आला.

10 एप्रिल 2020 ला गव्हर्नरांनी पाच कायद्यांवर सही केली. तोवर कोरोना आला होता. त्या महिन्यात हाउसचे सदस्य विधिमंडळाच्या आवारात तंबू ठोकून बसले. इकडं आम्हीही घरात. आईचा प्रश्न आला तेव्हा मी म्हणाले, “झाले. पाच झाले. मोठा राहिला.”

“म्हणजे आता तिला अंधारात बसवणार नाहीत?”

तेव्हा भाचीची शाळाच बंद होती. शाळा उघडली आणि ड्रिल पुन्हा सुरू झालं. आईच्या प्रश्नाला माझ्या वहीत रकानाच नव्हता. कायदा बंदूक विकणाऱ्याला अडवतो, विकत घेणाऱ्याची चौकशी करतो. वर्गातला दिवा लावणं त्याच्या हातात नसतं, निदान लगेच तरी नसतं.

म्हणून वही टाकून दिली असं नाही. दर सम वर्षाच्या जानेवारीत तिथले क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. 2024 मध्ये विधेयक क्रमांक 2 म्हणून तीच लष्करी बंदुकांची बंदी आली. या वेळी दोन्ही सभागृहांनी मंजूर केली आणि गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनी नकाराधिकार वापरला. 2025 मध्ये पुन्हा तेच. चार वर्षांपूर्वी समितीच्या खोलीत अडलेली गोष्ट सहीच्या टेबलापर्यंत पोचली होती, एवढा फरक मी आईला दाखवला. तिनं वहीतली दोन्ही पानं शेजारी-शेजारी धरून बघितली.

आता राज्यशास्त्रात एम.ए. करताना आपल्याकडची विधेयकंही मी तशीच वाचते. 2019 च्या डिसेंबरात, मी व्हर्जिनियाच्या मागं लागले होते तेव्हाच, आपल्या संसदेनं शस्त्र कायद्यात दुरुस्ती केली. एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका. 9 तारखेला लोकसभा, 10 ला राज्यसभा. आमच्या घरात कुणाला पत्ताही नव्हता, आणि लायसन्सवाले आज्जा तर घरातच होते. त्यांना हे परवा सांगितलं. ते म्हणाले, “माझी एकच हाय. पण इचारलं कुणी?”

आईचा प्रश्न अजून येतो, रोज नाही, महिन्यातून एखाद्या वेळी. मी वही उघडते आणि कुठल्या समितीत आहे ते सांगते. समिती म्हणजे काय, हे आता आईला सांगावं लागत नाही.