बरे वाटते तेव्हाची तपासणी

दुखणे अंगात असले की माणूस दहा कोस चालून डॉक्टरकडे जातो. दुखणे थांबले की त्याला गल्लीतला दवाखानाही लांब वाटतो. आमवातासारख्या आजारात मात्र हाच स्वभाव घातक ठरतो. आईच्या आजारपणात हे मला जवळून पाहायला मिळाले.

आमचे गाव आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याच्या बाजूला. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्हा, अलीकडे आम्ही. घरात मराठी, बाजारात तेलुगू. जमीन काळी, पीक कापसाचे. कापूस वेचायला बोटे हवीत आणि आजाराने नेमकी आईची बोटेच गाठली. सकाळी तासभर मूठ मिटत नसे. दोन्ही हातांचे सांधे सारखेच सुजत. शेजारपाजारचे म्हणत, "वयाचा वात आहे." रक्त तपासल्यावर कळले, हा आमवात. यात बाहेरच्या जंतूंशी लढणारी प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. राखणदारानेच घरच्या माणसांवर काठी उगारावी, तसा हा प्रकार.

डॉक्टरांनी मेथोट्रेक्झेटची गोळी दिली. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. शिवाय वेगळ्या दिवशी फॉलिक ॲसिड. या दोन्ही औषधांमागे एकाच माणसाचे नाव आहे. १८९५ साली भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधन करीत. फॉलिक ॲसिड आणि पुढे त्याला अडवणारे मेथोट्रेक्झेट, दोन्ही त्यांच्याच चमूने तयार केली. १९४८ साली ते वारले. मूळ कर्करोगासाठी आलेल्या या औषधाला अमेरिकेत आमवातासाठी मान्यता मिळाली ती १९८८ साली.

दोनेक महिन्यांत आईची मूठ मिटू लागली आणि तिथूनच खरा वाद सुरू झाला. डॉक्टरांनी सुरुवातीला दर महिन्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला सांगितले होते. आई म्हणायची, "अरे, आता हात चालतो ना? मग रक्त कशाला काढायचं? एका दिवसाची मजुरी बुडते."

तिचा प्रश्न खोटा नव्हता. पण राखणदाराला आवरणारे औषध कधी त्याला फारच आवरते. हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात, यकृताला सूज येते. मूत्रपिंड मंदावले तर औषध शरीरात साचते. यातले काहीच सुरुवातीला दुखत नाही. आधी बोलतात ते कागदावरचे आकडे. एका पावसाळ्यात आईला काहीही होत नसताना पांढऱ्या पेशी खाली आल्या. डॉक्टरांनी गोळी थांबवली, आकडा सावरल्यावर कमी मात्रेने पुन्हा सुरू केली. त्या दिवसापासून मजुरीचा हिशेब तिने काढला नाही.

प्रतिकारशक्ती मोजणारी एकच एक तपासणी नसते. रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंड यांचे अहवाल आणि रुग्णाचे स्वतःवरचे लक्ष, हे सारे मिळून अंदाज येतो. ताप आला, तोंडात फोड आले, खोकला लांबला, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. आमवातावरची काही नवी इंजेक्शने देण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी करतात. शरीरात निजलेले क्षयाचे जंतू या इंजेक्शनांनी जागे होऊ शकतात, हे २००१ साली जगापुढे आले. क्षय घरोघरी माहीत असलेल्या आपल्या देशात ही खबरदारी टाळून चालणार नाही. लसही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी; काही लसी आवर्जून घ्यायच्या असतात, तर जिवंत जंतूंच्या लसी बहुधा टाळतात.

मित्रांनो, अहवाल इंग्रजीत येतो, डॉक्टर तेलुगूत समजावतात आणि रुग्ण मराठीत विचार करतो. सीमेवरच्या घरांत हे नेहमीचेच. कन्नड विभागातल्या माझ्या मित्रांच्या घरीही भाषांची नावे तेवढी बदलतील. म्हणून शिकलेल्या मुलामुलींनी एवढे तरी करावे: गोळीच्या पाकिटावर घरच्या भाषेत वार लिहावा, अहवालातले आकडे तारखेसह एका वहीत उतरवावेत आणि मागच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. आईच्या पाकिटावर मी 'सोमवार' लिहिले आहे. वही भिंतीवरच्या खुंटीला पिशवीत असते, आणि तपासणीची तारीख आता आईच मला सांगते.