रिकामे कंस



बी.कॉम. होऊन चाळीस वर्षे झाली, पण जमाखर्च काही सुटला नाही. यंदा आमच्या बिबवेवाडीच्या मंडळाच्या कुंभोजगिरी सहलीचा हिशोब मी वहीऐवजी कॉम्प्युटरवर ठेवला. नातवाने पायथन शिकवले. त्याच्यासोबत टीकेइंटर येते, त्यात खिडकी, रकाने, बटणे तयार करता येतात. नाव निवडायचे, रक्कम लिहायची, एन्टर दाबले की नोंद. बहुतेकींचा हप्ता पाचशेचा, म्हणून तो आकडा आधीच भरून ठेवला होता.

मग हौसेने ‘जमा’ असे हिरवे बटणही बसवले. आठवड्याने बेरीज पाहिली तर ४२,५००, आणि डब्यात ४१,५००! डबा समोरच्या बिल्डिंगमधल्या भाभींकडे. मी फोनवर म्हटले, “भाभी, पुन्हा एकदा मोजता का?” त्यांनी दोनदा मोजले. तिसऱ्यांदा विचारल्यावर रात्री नऊला डबाच घेऊन आल्या. “तुम्हीच मोजा,” म्हणाल्या आणि बसल्यादेखील नाहीत.

त्या गेल्यावर मी एकेकीचे खाते तपासू लागले. यादीत पहिले नाव माझेच. त्यावर पाचशे तीनदा जमा; मी दिले होते एकदाच. बाकीच्या दोन तारखांना मी प्रोग्रॅम नुसता उघडून बंद केला होता.

चूक बटणात होती. बटण तयार करताना ‘कमांड’पुढे करायच्या कामाचे फक्त नाव द्यायचे असते. मी नावापुढे रिकामे कंस टाकले होते. कंस म्हणजे ‘आत्ताच कर’. त्यामुळे खिडकी उघडतानाच पहिल्या नावावर पाचशे जमा व्हायचे, आणि बटणाच्या हाती काहीच उरायचे नाही. दाबले तरी मुके! मी एन्टरच दाबत होते, म्हणून कळले नाही. सूनबाईला ‘बेल वाजली की दार उघड’ सांगणे वेगळे, आणि बेल वाजण्याआधीच दार उघडून बसणे वेगळे.

कंस काढले. चुकीच्या नोंदी खोडल्या नाहीत, उलट नोंद घातली, कॉमर्सची सवय. आता जमा झाले की कोणाच्या नावावर किती, ते पडद्यावर दिसते.

सकाळी डबा घेऊन भाभींकडे गेले. पर्युषणाची वाट न पाहता मिच्छामि दुक्कडम् म्हटले. त्यांनी चहा दिला, पण डबा दोन दिवस हातात घेतला नाही.

तेव्हापासून बेरीज चुकली की आधी माझा हिशोब तपासते, मग दुसरीचा डबा.