आजीचं शून्य, माझं पूर्ण

मोटारसायकल हातात आल्यापासून मी एसटीत पाऊल टाकलं नव्हतं. ऐंशीच्या घरातल्या आजीला डोळे दाखवायला केजहून अंबाजोगाईला न्यायचं ठरलं आणि त्या निमित्तानं मी नव्यानं प्रवासी झालो. बायकोही सोबत होती. ‘तीन अंबाजोगाई’ म्हणून मी नोट पुढं केली. कंडक्टरनं आजीचं आधार कार्ड मागितलं, मशीनवर बोटं फिरवली आणि तीन तिकिटं हातात ठेवली. आजीचं शून्य, बायकोचं अर्धं, माझं पूर्ण. बाकडं मात्र एकच!

‘‘मास्तर, पैसेच घ्यायचे नाहीत तर तिकीट कशाला फाडायचं?’’

‘‘मग सरकारकडं मागायचं कशाच्या जोरावर?’’

तेव्हा कुठं उजेड पडला. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत आणि महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. पण सोडलेले पैसे राज्य सरकार महामंडळाला भरून देतं. म्हणजे आजीचं ते शून्य सरकारच्या नावावरची उधारी होती. भरपाई रेंगाळली, तर डिझेल आणि पगार दोन्हींची ओढाताण. आजी खुशीत खिडकीबाहेर बघत होती. तिला कशाला सांगा?

मोफत बसनं धूर कमी होतो, असं वाचलं होतं. म्हणून कुणी कोणतं वाहन सोडलं, याचा अंदाज घ्यायला लागलो. आजीला विचारलं, ‘‘आधी कशानं जायचीस?’’ ती म्हणाली, ‘‘जात कुठं होते?’’ शेजारच्या मावशी पूर्वी काळीपिवळीनं माहेरी जायच्या. आता अर्ध्या तिकिटात वरचेवर जातात. बाजारही करून येतात. गाडीत बायकाच जास्त होत्या. पेट्रोल जाळणारे माझ्यासारखे बाप्ये रस्त्यावर दुचाकीवरून बसला मागं टाकत होते. आम्हाला सवलत नाही, आणि दिली तरी गाडीची वाट बघत स्टँडवर कोण बसणार? गावाला दिवसातून दोनच फेऱ्या असतील, तर फुकट तिकीट घेऊन करायचं काय?

एस्टोनियातल्या टॅलिननं २०१३ पासून शहरवासीयांना बस-ट्राम मोफत केली. तिथंही बसकडं जास्त वळले ते पायी चालणारेच. मोटारवाले फारसे हलले नाहीत. धुराच्या हिशोबात आजीचा प्रवास बसणार नाही. तरी ती दवाखान्यात पोचली, हे मला धुरापेक्षा मोठं वाटतं. बस तशीही धावणारच होती. तिच्या एका जागेसाठी डिझेल कितीसं जास्त लागणार?

डोळे तपासून बाहेर आलो. मला वाटलं, आता सरळ घर. आजीनं स्टँडवर परळीची गाडी लागलेली बघितली.

‘‘परळीलाही शून्यच का रे?’’

‘‘हो.’’

‘‘मग वैजनाथाला जाऊनच येऊ.’’

बायको लगेच तयार झाली. मी पुन्हा पाकीट काढलं.