गाडीत बाळाची जागा : काही टिपणे

बाळ-बाळंतिणीला दवाखान्यातून घरी आणायचं तर आपल्याकडे कशाची कसूर नसते. दुपटी, टोपरं, दारात ओवाळून टाकायला भाकरतुकडा, पायांवर घालायला पाणी. गाडीत बाळ मात्र आजीच्या मांडीवर. आजी दोन्ही हातांनी कवटाळून बसते आणि याहून सुरक्षित जागा दुसरी नाही अशी सगळ्यांची खात्री असते. माया खरी आहे, खात्री चुकीची आहे.

*

थोडं गणित करू. ताशी ५० किलोमीटर म्हणजे शहरातला साधा वेग. या वेगात गाडी आदळली तर आतल्या माणसाला बसणारा दणका सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. गाडी सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली असं धरलं, तर दहा किलोच्या मुलाला धरून ठेवायला सरासरी १४० किलो पेलण्याइतकं बळ लागतं. ऐन आघाताच्या क्षणी त्याहूनही जास्त. तेही बसल्या जागी, पूर्वसूचना न मिळता. हे कुणाच्याच हातांना जमणार नाही, पहिलवानाच्याही नाही. मूल सुटतं आणि पुढच्या सीटवर, डॅशबोर्डवर किंवा काचेवर जाऊन आपटतं.

काही जण मूल मांडीवर घेऊन दोघांभोवती एकच पट्टा लावतात. तसं केलं तर मुलाच्या पोटावर पट्टा आवळला जातो आणि पाठीमागून मोठ्या माणसाचं सगळं वजन त्याच्यावर येतं. हे कधीच करू नये.

*

२०२२ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये पुढच्या दोन्ही सीटांना एअरबॅग आहे. तरीही ‘त्याला समोरचं बघायला आवडतं’ म्हणून पुढच्या सीटवर मांडीवर बसलेलं मूल रोज दिसतं. एअरबॅग पापणी लवायच्या आत, ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने फुगते. तिचा सगळा हिशेब पट्टा लावून बसलेल्या मोठ्या माणसासाठी केलेला असतो. तान्ह्या बाळासाठी गाडीत वेगळी बसवायची, मागे तोंड असलेली सीट पुढे ठेवली तर ही बॅग थेट त्या सीटच्या पाठीवर आदळते, आणि त्या पाठीला टेकलेलं असतं बाळाचं डोकं. बहुतेक गाड्यांत डाव्या सन व्हायझरवर लाल काट मारलेलं बाळाच्या सीटचं चित्र असतं. आज गाडीत बसाल तेव्हा व्हायझर खाली ओढून ते बघा. बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलांनी मागेच बसावं.

*

बाळाचं तोंड मागे का? नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असतं, मोठ्या माणसाचं साधारण आठवा. मान नाजूक, मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात, बराच भाग कूर्चेचा. पुढे तोंड करून बसवलं आणि गाडी आदळली, तर पट्टे धड धरून ठेवतात, पण जड डोकं पुढे झेपावतं आणि सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर तोच दणका सीटच्या कवचावर, पाठ-मान-डोकं अशा सगळ्या बाजूवर पसरतो.

ही कल्पना स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांची. १९६०च्या दशकात त्यांनी टीव्हीवर जेमिनी यानातल्या अंतराळवीरांची आसनं पाहिली. पाठीवर रेलून मोठा दाब सोसायचा, हे सूत्र त्यांनी मुलांच्या सीटसाठी उचललं. १९६४ मध्ये व्होल्वोने अशा सीटच्या नमुन्याची चाचणी घेतली, १९७२ मध्ये ती बाजारात आणली. स्वीडनमध्ये आजही चार वर्षांपर्यंत मुलं मागे तोंड करून बसतात. युरोपच्या आर१२९ या मानकात १५ महिन्यांपर्यंत ते सक्तीचं आहे. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना २०१८ पासून सांगते की वयाची रेघ ओढू नका, सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवा.

घरातून हमखास येणारी तक्रार : ‘पाय दुमडतात बिचाऱ्याचे.’ दुमडू द्या. मुलं मांडी घालून, पाय वर टेकवून मजेत बसतात. पायाचं हाड जुळतं, मानेच्या इजेचं तसं नाही.

*

खरी गोम सीट बसवण्यात आहे. महागडी सीट आणून ती सैल बसवली तर तिचा उपयोग बराच कमी होतो. म्हणून हे जरा सविस्तर.

सोबतचं पुस्तक आधी वाचावं, गाडीचंही आणि सीटचंही. आयसोफिक्स, म्हणजे बाळाची सीट थेट गाडीला अडकवायची सोय, असेल तर गाडीच्या मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या फटीत बोटं घालून बघा, दोन लोखंडी कड्या लागतील. बाळाच्या सीटचे दोन्ही हात त्यांत खट्ट बसले पाहिजेत. बहुतेक सीटांवर खूण लाल असते ती हिरवी होते. एवढ्यावर काम संपत नाही. सीट पुढे उलटू नये म्हणून तिसरा आधार लागतो : जमिनीवर टेकणारा पाय, किंवा वरून मागे जाऊन अडकवायचा पट्टा. हा तिसरा आधार बरेच जण डिकीत तसाच गुंडाळून ठेवतात.

गाडीच्या पट्ट्याने बसवायची सीट असेल तर एक गुडघा तिच्या बैठकीवर रोवावा, सगळं वजन टाकावं आणि त्याच वेळी पट्टा ओढून घट्ट करावा. पट्टा कुठून ओवायचा त्याच्या खुणा युरोपीय मानकाच्या सीटवर असतात : मागे तोंड असेल तर निळ्या, पुढे तोंड असेल तर लाल. मग पट्टा जिथून जातो तिथेच सीट धरून हलवा. बोटाच्या एका पेरापेक्षा, म्हणजे अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा पहिल्यापासून.

आता बाळ. खांद्यावरचे पट्टे मागे तोंड असेल तर खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खाली, पुढे तोंड असेल तर खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वर. पट्ट्यांना पीळ नको. घट्ट केल्यावर खांद्यापाशी पट्टा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून बघा. चिमटीत घडी आली तर सैल आहे. बोटं नुसती घसरली तर बरोबर. मुलाला आवळल्यासारखं होईल म्हणून आयांचा हात इथे हमखास ढिला पडतो. ढिला पडू देऊ नका.

तान्ह्याला आपण दुपट्यात घट्ट बांधतो. तसं बांधलेलं बाळ सीटमध्ये बसवता येत नाही, कारण दोन पायांच्या मधून एक पट्टा यावा लागतो. आधी बाळ सुटं करावं, पट्टे लावावेत, दुपटं वरून पांघरावं. जाड स्वेटरचंही तेच. आघातात लोकर दबते आणि घट्ट वाटणारा पट्टा सैल पडतो. उन्हाळ्यात नागपूर-अकोल्याकडे बकलचा धातू चटका देण्याइतका तापतो, म्हणून गाडी उभी असताना सीटवर फिका कपडा टाकून ठेवावा आणि बसवण्याआधी बकलला हात लावून बघावा.

*

सीट ही झोपवायची जागा नव्हे. तान्हं बाळ तिच्यात फार वेळ राहिलं तर हनुवटी छातीवर टेकून श्वास कोंडू शकतो. म्हणून सीटचा कल पुस्तकात दिल्याप्रमाणे ठेवायचा, मागे बाळाशेजारी कुणीतरी बसायचं, लांबच्या प्रवासात दर दोन तासांच्या आत थांबून बाळाला बाहेर काढायचं. अगदी नवजात असेल तर त्याहूनही लवकर. घरी पोचल्यावर ‘झोपलंय, राहू दे’ म्हणत सीटसकट दिवाणखान्यात ठेवू नये.

*

‘अगं, किती रडतंय, काढ ना त्याला बाहेर!’

हे वाक्य सासूबाईंच्या तोंडी असो की आईच्या, चालत्या गाडीत ऐकायचं नाही. गाडी बाजूला घ्यावी, बाळाला पाजावं, लंगोट बघावा, कडेवर घेऊन चार पावलं फिरवावं, पुन्हा बसवून निघावं. पहिल्या दिवसापासून सीटमध्येच बसलेली मुलं फार कुरकुरत नाहीत. कधी सीट, कधी मांडी असं चालवलं तर मूल दर वेळी मांडीच मागणार. त्यात त्याचा काय दोष?

*

कायदा आहे. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९४-बी हे कलम आलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर चालवणाऱ्याला हजार रुपये दंड. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ मागे पट्टा न लावता बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला आणि मागच्या सीटवरच्या पट्ट्याची देशभर चर्चा झाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी मागच्यांनाही पट्टा सक्तीचा केला. पण ती सगळी चर्चा मोठ्यांची होती. मुलाला सीट नाही म्हणून पावती फाडलेली मी तरी पाहिलेली नाही. ही पावती फाडली गेली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

*

‘आमची गाडी फाइव्ह स्टार आहे.’ छान. गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणारी भारत एनकॅप ही चाचणी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्यात मुलांच्या सुरक्षेला ४९ गुण आहेत. चाचणीत दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाच्या मापाच्या डमी असतात, आणि त्या नीट बसवलेल्या सीटमध्ये असतात. मांडीवरच्या मुलाला ते स्टार लागू होत नाहीत.

*

खरेदी करताना सीटवर चिकटवलेली पट्टी बघा. वर्तुळातलं इंग्रजी ‘ई’ अक्षर आणि आर४४ किंवा आर१२९ असा क्रमांक, किंवा आपल्याकडचं एआयएस-०७२. ‘कॅरी कॉट कम कार सीट’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक टोपल्यांवर यातलं काहीच नसतं. त्या बाळाला उचलून न्यायला ठीक, गाडीसाठी नाही. वापरलेली सीट घ्यायची तर ती ज्याच्या गाडीतून येते त्याला आपण ओळखत असलो तरच. एकदा अपघात सोसलेली सीट वरून धड दिसली तरी टाकून द्यायची. कवचाच्या खाली किंवा मागे मुदतीची किंवा उत्पादनाची तारीख असते, तीही बघा.

*

थोडं मोठ्या मुलांचं. पट्टा मानेला काचतो म्हणून मूल तो काखेखालून घेतं, आणि मांडीवरचा भाग वर सरकून पोटावर येतो. आघातात त्याने आतडी, यकृत, प्लीहा यांना इजा होते. ते टाळण्यासाठी बूस्टर असतो. त्यावर मूल उंच बसतं, पट्टा खांद्याच्या मधून आणि मांड्यांवरून जातो. दीड मीटरच्या जवळपास उंची होईपर्यंत तो हवा, मूल पाचवीत गेलं तरी.

*

कारच नाही अशा घरांसाठी : नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना हेल्मेट, चालवणाऱ्याला जोडणारा हार्नेस आणि जास्तीत जास्त ४० चा वेग, हा नियम केंद्राने २०२२ मध्ये अधिसूचित केला आहे.

*

अमेरिकेत टेनेसी राज्याने १९७८ मध्ये मुलांच्या सीटचा पहिला कायदा लागू केला, तो रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञाच्या चिकाटीमुळे. १९८५ पर्यंत सगळ्या राज्यांत असे कायदे झाले. तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याचा हिशेब असा की कारमध्ये नीट वापरलेल्या सीटमुळे तान्ह्यांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी, एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी कमी होतो. लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेलेल्या आपल्याकडच्या आजी-आजोबांनी हे सगळं जवळून पाहिलेलं असतं. तेच नातवंड सुट्टीत मुंबईला उतरतं, आणि पुण्याच्या टॅक्सीत, एक्सप्रेस वेवर, सगळ्यांच्या मांडीवर फिरत येतं. ‘इथे चालतं’ म्हणतात. बोर घाटातली धडक तितकीच जोराची असते.

*

गणपतीला कोकणात निघालेल्या गाडीत पाच जणांच्या जागी आठ असतात. त्यात मुलाची सीट ठेवायची कुठे, हा प्रश्न खरा आहे. उत्तर एवढंच की दोन मोठ्यांनी एसटीने किंवा रेल्वेने जावं. मागच्या काचेपाशी ठेवलेले स्टीलचे डबे आणि पाण्याच्या बाटल्याही डिकीत टाकाव्यात, अचानक ब्रेक लागला की ते सगळं पुढे येतं.

*

चांगली सीट स्वस्त नाही, हे मान्य. पण बारशाला चांदीचे वाळे, वाट्या, चमचे किती जमतात! मामा, आत्या, काका, मावशी यांनी मिळून एक सीट घ्यावी. आणि ती बारशाची वाट न बघता, नवव्या महिन्यात दवाखान्याची बॅग भरून ठेवाल त्याच आठवड्यात गाडीत बसवून, हलवून, तपासून ठेवावी. बाळाचा गाडीतला पहिला प्रवास बारशाच्या आधीच होतो.