नम्रतेची मागणी

शलमोनाने देवाकडे शहाणपण मागितले. देवाने खूश होऊन वर धन आणि मानही दिला. एवढे व्याज आमच्या बँकेतसुद्धा नाही! त्यामुळे शहाणपण मागायला आम्ही ख्रिस्ती मंडळी सदैव तयार. नम्रतेचे तसे नाही. ती देव माणसांच्या हस्ते पाठवतो. सकाळी "प्रभू, मला नम्र कर" म्हणावे, तर अकराला काउंटरवर आजोबा पासबुक आपटून विचारतात, "काय रे, शिकलायस की नाही?" बी. कॉम. आहे, हे सांगायला जीभ वळवळते. पण परूशी आणि जकातदाराच्या दाखल्यात देवाच्या पसंतीस उतरला तो जकातदार, म्हणजे पैसे मोजणाराच की! तेवढ्या धंद्याच्या अभिमानावर मी म्हणतो, "बसा आजोबा, बघतो."