दहा उंट आणि एक कळशी

पेंग्विन बायबलात कुठेच नाही. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत चाळून पाहा. कावळा आहे, कबुतर आहे, लावे आहेत, दोन दमड्यांना पाच मिळणाऱ्या चिमण्या आहेत, मालकाला चार शब्द सुनावणारी गाढवी आहे. पेंग्विन नाही. तरी यंदा आमच्या मंडळीच्या कचेरीत तो येऊन उभा राहिला, चांगला कमरेइतका उंच, थर्माकोलचा. सुट्टीतल्या बायबल शाळेची, म्हणजे सगळे म्हणतात त्या व्हीबीएसची, थीम होती बर्फ. मे महिना, नगर शहर, पारा चाळिशीच्या पुढे आणि व्यासपीठावर पिंजलेल्या कापसाचं हिम! तयार संचात सगळं असतं: बॅनर, हातवारे करत म्हणायची गाणी, रोजचं मुखपाठ वचन, रोजची कारागिरी आणि थीमला साजेसा खाऊ. पेंग्विनाच्या आकाराचं बिस्किट कसं करायचं याची कृतीसुद्धा होती. वाळवंटातल्या मान्न्याच्या धड्याला हे बिस्किट.

थीमला माझी ना नाही. चार वर्षांच्या बाहुलीपासून मिसरूड फुटलेल्या पोरापर्यंत सगळे एका पटांगणात आणायचे तर कशाला तरी धरून चालावंच लागतं. नाहीतर सोमवारी दावीद, मंगळवारी दानीएल आणि बुधवारी उजळणी घ्यावी तर सिंहांच्या गुहेत गोफण पोचलेली असते.

पण ही सजावट आली कधी? रविवारच्या शाळेच्या मुळाशी ती नावालाही नव्हती. 1780 साली इंग्लंडातल्या ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स या वर्तमानपत्रवाल्याने शाळा काढली ती कामावर राबणाऱ्या पोरांसाठी. त्यांना रविवार तेवढा मोकळा. त्या दिवशी अक्षरं शिकवायची आणि वाचायला पुस्तक द्यायचं ते बायबल. सुट्टीतल्या शाळेची कथा याहून गमतीची. 1898 साली न्यूयॉर्कमध्ये हॉज नावाच्या बाईंनी रस्त्यावर उंडारणाऱ्या मुलांसाठी वर्ग काढायचं ठरवलं. दुसरी जागा मिळेना, तर त्यांनी चक्क बिअरचा हॉल भाड्याने घेतला. मी हे आमच्या पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "ताई, एवढं वार्षिक सभेत नका बोलू."

मला खरी चीड आहे ती नोहाच्या तारवाची. तारवाची नव्हे, त्याच्या चित्राची. हसरा हत्ती, इंद्रधनुष्य, छपरातून वर आलेल्या दोन जिराफांच्या माना. मजकुरात तारू आहे तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच, तीन मजली, आतून बाहेरून डांबर फासलेलं. माना बाहेर काढायला वाव आहे कुठे? मुलांना कोपरापासून मधल्या बोटापर्यंतचा आपापला हात मोजायला लावून तीनशे हात आखत निघालं, की आमचं आवार संपतं, फाटक लागतं आणि तारू रस्त्यावर येतं. हा खेळ फुकट आहे, त्याला कात्री-गोंद लागत नाही, आणि मुलं तो विसरत नाहीत. शिवाय ती गोष्ट शिशुवर्गाच्या भिंतीवर रंगवण्याइतकी गोडगोजिरी कोणी ठरवली, कोण जाणे. एका मुलाने रंगवता रंगवता तारवाबाहेरच्या निळ्या पाण्यात वर आलेले हात काढले, नुसतेच हात. मदतीला आलेल्या बाई खोडायला निघाल्या. मी त्यांच्या हातून रबर काढून घेतलं.

नगरच्या मुलांना बायबल शिकवायला सामान विकत आणावं लागतं, हेच मुळी मला पटत नाही. रूथ जिथे रात्री गेली ते खळं, वाऱ्यावर उफणलं जाणारं धान्य, जात्याशी बसलेल्या दोघी, तेलावाचून विझायला आलेले दिवे, रात्रभर फुगलेलं पीठ: यातलं काही आजीच्या घरी असतं, काही आजीच्या तोंडी. झावळ्यांच्या रविवारी ओढ्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या येतात, आणि शिंदी ही खजुराची सख्खी चुलत बहीण. ठरल्या महिन्यांत पडणारा पाऊस आणि तो चुकला तर काय होतं, हे पाथर्डी-शेवगावकडच्या पोराला फळ्यावर काढून दाखवावं लागत नाही. 1616 साली राचोलला 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. लिहिणारे फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज, पण ऐकणाऱ्यांचे कान पुराणाला सरावलेले म्हणून त्यांनी हजारो ओव्या रचल्या. आमच्या नगरच्या रेव्हरंड टिळकांनी भजनं लिहिली ती अजून दर रविवारी पेटी-तबल्यावर म्हटली जातात. त्या दोघांना हिमनगाची गरज भासली नव्हती.

विहिरीचं सांगते.

उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात अब्राहामाचा कारभारी इसहाकासाठी मुलगी शोधायला निघतो. बरोबर दहा उंट. संध्याकाळी, बाया पाण्याला येतात त्या वेळी, तो गावाबाहेरच्या विहिरीपाशी उंट बसवतो आणि मनाशी खूण ठरवतो: जी मला पाणी देईल आणि आपणहून म्हणेल की उंटांनाही पाजते, ती मुलगी. रिबका खांद्यावर घागर घेऊन येते, तसंच म्हणते, घागर कुंडात ओतते आणि पुन्हा विहिरीकडे धावते. तयार पुस्तकात या धड्याचं शीर्षक असतं 'दुसऱ्यांना मदत करा'. खाली उंटाचं चित्र, रंग भरण्यासाठी. मुलं त्याला जांभळा रंग देतात आणि घरी जातात.

आम्ही हिशेब मांडला. तहानलेला उंट एका दमात शंभर लिटरवर पाणी पिऊ शकतो. अर्धंच धरा, पन्नास. दहा उंटांचं पाचशे लिटर. कळशी दहा लिटरची मानली तर पन्नास खेपा, त्याही उतरून, भरून, चढून, ओतून. फळ्यावर पन्नास लिहिलं तेव्हा वर्गात हूं की चूं नव्हतं, कारण पन्नास हा आकडा गुणाकारात फार मोठा वाटत नाही. मग आवारातल्या टाकीपासून कुंपणापर्यंत, जिथे कडुलिंबाची रोपं लावली आहेत, तिथवर कळशी न्यायची ठरली. पाणी वाया घालवायचं नाही, उंटांच्या वाट्याचं रोपांना. एका आईने विचारलं, नळाला दिवसाआड पाणी येत असताना हे खेळ कशाला? रोपं दाखवल्यावर त्या गप्प बसल्या. फार पटलं असं नाही.

इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पोरांनी कळशी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. तशी ती हिंदकळते, कपडे भिजतात आणि रोपाशी पोचेपर्यंत निम्मीच उरते. मामाकडे सुट्टीला आलेली एक खेड्यातली मुलगी होती, टँकरच्या गावची. वर्गात तिला वचन पाठ येत नव्हतं म्हणून ती मागे मागे बसायची. तिने परकराचा ओचा खोचला, ओढणीची चुंबळ केली, कळशी डोक्यावर ठेवली आणि एक थेंब न सांडता कुंपणापर्यंत चालत गेली. परत आली आणि म्हणाली, "टीचर, तिनं धावत पाणी आणलं, हे खोटं वाटतं. भरल्या घागरीनं कुणी धावत नाही. रिकामी घेऊन धावली असंल." मी पुस्तक उघडलं. घागर कुंडात रिती केली आणि पुन्हा विहिरीकडे धावली, असंच तिथे आहे. धावली ती रिकामी घागर घेऊनच. इतकी वर्षं ही ओळ मी वाचून दाखवत आले, पण माझ्या घरी नळ आहे.

तिचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. "त्या कारभाऱ्याबरोबर गडी नव्हते का?" होते. पुढे त्याचे आणि त्याच्याबरोबरच्या माणसांचे पाय धुवायला पाणी दिल्याचा उल्लेख आहे. म्हणजे दहा उंटांमागे चालून आलेले बापे उभे, आणि पोरगी एकटी पाणी ओढते. कारभारी काय करत होता? मजकूर सांगतो, तो मुकाट्याने तिच्याकडे पाहत राहिला. यावर मोठ्या मुलांच्या वर्गात जी चर्चा झाली ती मासिकात छापण्यासारखी नाही, पण 'दुसऱ्यांना मदत करा' या शीर्षकाला तिथे कोणी वाली उरला नाही. एका पोराचं म्हणणं पडलं की देवाला खूण हवी होती. ती मुलगी म्हणाली, "खूण एका उंटात पण कळली असती."

थीम हवीच, तर झाडं. पुढची थीम झाडांची करावी असं माझ्या मनात आहे. जक्कय, तो बुटका मुख्य जकातदार, येशूला पाहायला ज्या झाडावर चढला ते आपल्या उंबराच्या गोतातलं. त्यालाही फळं खोडाला आणि जाड फांद्यांना लगडतात, आणि फांद्या खालूनच फुटतात, म्हणून ठेंगण्यालाही चढता येतं. आमच्या चर्चच्या मागच्या गल्लीत उंबर आहे, पारावर दत्ताच्या पादुका आहेत. मुलांना तिथे नेलं तर चालेल का, असं विचारायला गेलो, तर पारावरच्या काकांनी आधी आम्हालाच नरसिंहाची कथा ऐकवली: हिरण्यकश्यपूला फाडल्यावर नखांचा दाह होऊ लागला, तेव्हा त्याने ती उंबराच्या फळांत खुपसली. मग आमच्यातल्या एका चुणचुणीत पोराने त्यांना जक्कयाची कथा सांगितली. काका म्हणाले, "जकातवाल्याच्या घरी जेवायला गेला? सगळ्या गावादेखत? हिंमतवान होता बुवा." मी लूकवरची जाडजूड टीकापुस्तकं वाचली आहेत. त्यांत याहून नेमकं काही सापडलेलं नाही.

मेंढरांचं मात्र अजून जमलेलं नाही. हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यासाठी कापसाचं मेंढरू करायला मी साफ नकार दिला आहे. शंभर खरी मेंढरं मुलांनी मोजावीत, एक लपवलं तर कळतं का ते पाहावं, आणि नव्व्याण्णव रानात सोडून एकामागे जाणं शहाणपणाचं की कसं, हे ज्याचा मेंढरांवर प्रपंच आहे त्यालाच विचारावं. रानात खतासाठी मेंढरं बसवतात तेव्हा धनगरांचा वाडा चार-दोन दिवस एका जागी असतो, तेवढे पुरेत. मे महिन्यात नगरच्या आसपास कुणाच्या शेतात असा वाडा उतरणार असेल तर कृपया कळवा. मुलांना घेऊन सकाळी लवकर येऊ, पिकात शिरणार नाही, आणि चहा-साखर आमची आम्ही आणू.